लाल शाईखालचा शब्द

माझं इंग्रजी ‘डी’पासून सुरू होतं. त्याला कारण आमच्या शुक्रवार पेठेतला रद्दीवाला. त्याच्या ढिगात मला एक इंग्रजी-मराठी शब्दकोश सापडला, त्याला पुढचा पुठ्ठा नव्हता आणि ए, बी, सी या तीन अक्षरांची पानं नव्हती. कुणीतरी त्यांत भजी बांधून दिली असणार. त्यामुळं मला डॉग येत होता, पण कॅट येत नव्हती. एवढं चाललं असतं, पण मी कामाला होते मिलच्या पाळणाघरात, आणि बेबी, चाइल्ड, क्रेडल, क्राय हे माझ्या कामाचे सगळे शब्द नेमके भज्यांबरोबर गेलेले.

शाळा माझी चौथीपर्यंत. घरचे मालक, म्हणजे नवरा, मिलमध्येच कामाला होते. ते गेल्यावर साहेबांनी मला पाळणाघरात घेतलं. तीस पाळणे, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. वाइंडिंग खात्यातल्या, म्हणजे बॉबिनवर सूत भरणाऱ्या बायका सकाळच्या भोंग्याला पोरं माझ्याकडं टाकून आत जायच्या, दहाला एकदा पाजायला यायच्या, बाराच्या सुट्टीत एकदा. मधल्या वेळात रडणं, हगणं, मुतणं आणि रजिस्टर हे माझ्याकडं.

रजिस्टर इंग्रजीत. का, तर फॅक्टरी इन्स्पेक्टर येतो तो इंग्रजीत वाचतो. आणि दर गुरुवारी डॉक्टर सुंदरम्मा यायच्या त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. त्या मूळच्या तेलंगणातल्या. घरी तेलुगू, दवाखान्यात दख्खनी उर्दू, कागदावर इंग्रजी. पाऊण तासात तीस पोरं बघायची म्हणजे काही खायचं काम नाही, म्हणून त्या आधी रजिस्टरचा शेवटचा रकाना बघायच्या. त्या रकान्यात पोराची तब्येत लिहायची. जिथं काही वेगळं लिहिलेलं असेल तेवढीच पोरं त्या उचलायच्या.

त्या रकान्यात काय लिहायचं ते मला टाइम ऑफिसच्या कारकुनांनी, धोंडप्पांनी, पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. धोंडप्पा म्हणजे कपाळाला विभूती, कानाला पेन, आणि पेनांत दोन रंग. निळा लिहायला, लाल दुसऱ्याचं खोडायला.

“येसूबाई, अंग तापलं तर फीवर. जुलाब झालं तर मोशन. नाहीतर क्वाएट. झालं तुझं इंग्रजी.”

“आणि रडत असलं तर, अण्णा?”

“पोरगं हाय म्हटल्यावर रडणारच की. ते काय लिवायचं? क्वाएट लिव.”

अशी आमच्या पाळणाघरातली तीसची तीस पोरं वर्षानुवर्षं कागदावर गप होती. एकदा इन्स्पेक्टर येऊन गेले, तीन पोरं त्यांच्या कानाशी कोकलत असताना त्यांनी रजिस्टर चाळलं आणि “व्हेरी क्वाएट” म्हणून सही केली. त्या सहीचं साहेबांना इतकं कौतुक की धोंडप्पांना वर्षभर ते पुरलं.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मुक्ताबाई वाइंडिंगला लागली. केमकडची. दुष्काळात गाव सोडलेलं बिऱ्हाड. पाऊस पडल्यावर बाकीचे परतले, हे इथंच राहिले. बाईचं वय विशीच्या आतबाहेर, कडेवर सात महिन्यांचा हणमंत, आणि बरोबर सासू, सोजरबाई. सोजरबाई रोज बाराला मिलच्या फाटकाशी भाकरी घेऊन यायची आणि सून जेवून आत जाईपर्यंत तिथंच लिंबाखाली बसायची. माझ्याशी फाटकाच्या गजांतून बोलायची.

“येसाबाई, आमचं हणम्या तरास देतंय का?”

“छे हो. त्याच्यासारखं गुणी पोर नाही.”

“तसं म्हनू नगा, बया. दिष्ट लागंल.” आणि लगेच ती तिथल्या तिथं कडाकडा बोटं मोडायची.

पण खरंच गुणी होता. पहिले चार दिवस मी स्वतःवरच खूश होते. टाकला पाळण्यात की झोपला. बाकीची एकोणतीस मला वेड लावत होती आणि हा आपला शांत, तोंड अर्धवट उघडं, मूठ सैल. दुसऱ्या बाया मुक्ताला विचारायच्या, “काय खातीस गं तू, की तुजं पोर असं?” ती नुसती हसायची.

पाचव्या-सहाव्या दिवशी माझं काहीतरी बिनसलं. त्याचं नाही, माझं. काय बिनसलं ते सांगता येत नव्हतं. मी त्याच्या पाळण्यापाशी जायची, कपाळाला हात लावायची, थंड. लंगोट बघायची, ठीक. मग पुढच्या पाळण्याकडं जायची आणि परत फिरून यायची. ओठावर माशी बसली होती त्याच्या. तीस पोरांत असं एक पोर नसतं जे ओठावरच्या माशीला तोंड वाकडं करत नाही. हा करत नव्हता. मी माशी हाकलली. ती परत बसली. मी परत हाकलली. दिवसभर मी एका माशीच्या मागं होते असं वाटलं.

मुक्ताला विचारलं, “घरीबी एवढाच झोपतो का गं?”

“व्हय मावशी, गुनाचा हाय.” मग माझ्याकडं जरा बघून, “का वो?”

“नाही, झोप जास्त वाटते.”

तिचा चेहरा मिटला. दुसऱ्या दिवशी हणमंताच्या गालावर, कपाळावर आणि तळपायाला काजळाचे रुपयाएवढे ठिपके होते आणि मुक्ता माझ्याशी तुटक बोलत होती. मी समजले. माझीच नजर लागते म्हणून तो बंदोबस्त होता. आता आणखी विचारलं असतं तर तिनं पोरगं पाळणाघरात आणायचं बंद केलं असतं, आणि मग ते कुठं, कुणाच्या नजरेखाली राहिलं असतं?

त्या गुरुवारी डॉक्टरीणबाई आल्या, रकान्यावरून बोट फिरवत खाली गेल्या. क्वाएट, क्वाएट, मोशन, क्वाएट. मोशनवाल्या पोरीला औषध दिलं. मी तोंड उघडलं होतं. पण पुढं काय बोलणार? ताप नाही, जुलाब नाही, उलटी नाही. पोरगं झोपलंय हो, असं सांगू? त्यांची गाडी गेली आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

त्या आठवड्यात युनियनवाल्यांनी फाटकावर काहीतरी इंग्रजी कागद चिकटवला होता. युनियन म्हणजे नेमकं काय ते बघावं म्हणून मी घरी शब्दकोश काढला. यूची पानं माझ्याकडं शाबूत होती. बोट खाली सरकवत चालले होते आणि युनियनच्या अलीकडं एका शब्दावर बोट थांबलं. अनईझी. पुढं मराठीत लिहिलेलं: अस्वस्थ, बेचैन, चैन नसलेला.

आता यात नवं काय? आपल्याकडं काय शब्दांना तोटा आहे? जीव खालीवर होतो. पोटात कालवतं. मन खातं. चुटपुट लागते. आपण बायका तर यांवरच जगतो. पण यातलं एक तरी रजिस्टरात मांडता येतं का? “पोट कालवतं” लिहिलं तर धोंडप्पा ओव्याचं पाणी घे म्हणाले असते. आणि ‘फियर’ही माझ्याकडं होता, एफची पानं होती ना, पण फियर म्हटलं की लोक विचारतात, कशाची? मला कशाची ते ठाऊक नव्हतं. हा शब्द मात्र काही विचारत नव्हता. चैन नाही, एवढंच म्हणत होता. कारण मागून येईल, आधी एवढं लिहून घ्या, असा तो शब्द मला वाटला. शिवाय छापील होता. कुण्या शहाण्यासुरत्या माणसालाही कधीतरी असं झालं असणार, त्याशिवाय का त्यांनी छापला?

सोमवारी हणमंताच्या नावापुढं शेवटच्या रकान्यात मी ते सहा अक्षरी इंग्रजी नीट बघून बघून उतरवलं. अक्षर वाकडं आलं, पण उमटलं.

मंगळवारी सकाळी धोंडप्पा रजिस्टर काखेत घेऊनच आले.

“येसूबाई, हे काय?”

“अनईझी.”

“ते मला वाचता येतंय. पोराला ताप हाय?”

“नाही.”

“जुलाब?”

“नाही.”

“मग करतंय काय पोरगं?”

“झोपलंय.”

धोंडप्पांनी आधी पाळण्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “झोपलंय! झोपलेलं पोरगं अनईझी? अवो, ह्याच्यापेक्षा क्वाएट काय असतंय? रजिस्टर हाय का नाटक हाय हे?” आणि त्यांनी लाल पेनानं माझ्या शब्दावर एक रेघ मारली, मग मन भरलं नाही म्हणून तीच परत गिरवली, आणि वर बारीक अक्षरात क्वाएट.

“अण्णा, काहीतरी आहे.”

“काय हाय ते सांगा, मी सोता लिवतो.”

ते तर मला येत नव्हतं. मंगळवारी संध्याकाळी मी परत अनईझी लिहिलं. बुधवारी सकाळी त्यांनी परत खोडलं. या खेपेला आवाज खाली आणून बोलले, आणि धोंडप्पांचा आवाज खाली आला की ते खरं बोलतात. “हे बघा बाई, इन्स्पेक्टर पुढच्या महिन्यात येणार. ते विचारतील, हे काय म्हणून. साहेब मला विचारतील. मी कुणाला विचारू? तुमाला ठेवलंय ते साहेबांच्या मेहेरबानीवर, इसरू नका. उद्या परत दिसलं तर मला वर सांगावं लागतंय.”

संध्याकाळी पेन हातात घेऊन बसले. घर माझ्या एकटीचं, पोटापुरतं पाळणाघरच होतं. क्वाएट लिहायला काय जातं? एकोणतीसदा लिहितेच की. तेवढ्यात मुक्ता आली, पाळण्यातून हणमंताला उचललं आणि त्याची मान तिच्या दंडावरून मागं पडली. धुतलेल्या कपड्यासारखी. तिनं सवयीनं सावरली आणि गेली.

मी लिहिलं. तिसऱ्यांदा.

गुरुवारी धोंडप्पांनी सकाळीच येऊन तिसरी लाल रेघ मारली आणि साडेअकराला परत येऊन पाळण्यांपाशी उभे राहिले. डॉक्टरीणबाई आज लवकर म्हणजे पावणेबाराला आल्या. खुर्चीत बसल्या, चष्मा लावला, बोट रकान्यावर ठेवलं. क्वाएट, क्वाएट, क्वाएट, आणि बोट थांबलं.

धोंडप्पांचं मला आजही हसू येतं आणि त्यांचे उपकारही वाटतात. माझं ते वाकडं निळं अक्षर त्या एकोणतीस क्वाएटांत कदाचित सुटूनही गेलं असतं. पण लाल रेघा मारलेलं कुणाला दिसत नाही? मनाई केलेलं असतं तेच माणूस आधी वाचतं.

“ये लाल लाल क्या है जी, धोंडप्पा?”

“क्लेरिकल मिस्टेक, मॅडम.”

“तीन दिन एकीच मिस्टेक?” त्यांनी पान उजेडाकडं धरलं आणि रेघेखालचं वाचलं. “किसने लिख्या?”

धोंडप्पांनी माझ्याकडं बोट केलं नाही, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगते. मीच पुढं झाले. मी चार दिवस एक वाक्य घोकलं होतं. “नो फीवर. नो मोशन. स्लीप, स्लीप. आय अनईझी.”

“अनईझी बोले तो क्या?” त्या हसल्या नाहीत. खरंच विचारत होत्या.

“जीव थाऱ्यावर नाही, बाई. का, ते माहीत नाही.” एवढं मराठीतच निघालं. त्यांना किती कळलं कुणास ठाऊक.

आणि बाराचा भोंगा झाला.

ज्यांनी मिलचा भोंगा जवळून ऐकला नाही त्यांना सांगायला हवं. आमचा पत्रा त्यानं थरथरायचा. पोरं सवयीची झाली तरी दचकायचीच. कुणी हात झाडायचं, कुणी नुसता डोळा किलकिला करायचं, कुणी गळा काढायचं. त्या दिवशीही तसंच झालं, सगळी खोली एकदम हलली. एकोणतीस पाळणे हलले. एक हलला नाही.

मी रोज बघत होते ते हेच. पण हे असं आहे हे मला त्या घडीला कळलं, आणि डॉक्टरीणबाईंनाही त्याच घडीला. त्या उठल्या, हणमंताच्या पाळण्याशी गेल्या, त्याची पापणी अंगठ्यानं वर केली. मला म्हणाल्या, “देखो.” डोळ्यातली बाहुली मोहरीहून बारीक, पेनानं टेकवलेल्या टिंबाएवढी.

“इसकी माँ को बुलाव.”

बोलवायची गरज नव्हती, मुक्ता पाजायला दारात आलीच होती. डॉक्टरीणबाईंना पोरापाशी बघून जागच्या जागी थांबली आणि तिचा हात पदराच्या गाठीवर गेला. बाई माणूस पदराच्या गाठीला कधी हात लावते हे आपल्याला कळतं. मी डोळे खाली घातले.

“क्या दिए इसको?”

मुक्तानं गाठ मुठीत आवळली.

“सास किधर है?”

धोंडप्पा स्वतः धावत फाटकाशी गेले. म्हातारी भाकरीचं फडकं काखेत धरून आली, पाळण्याकडं बघितलं, डॉक्टरीणबाईंकडं बघितलं, आणि कुणी काही विचारायच्या आधीच दारात खाली बसली.

“म्या दिली. सुनंला काय बोलू नगा. तिला ठावं बी न्हाय. सकाळच्याला निघताना अंगठ्यावर घेऊन चाटीवती. अफूच हाय, दुसरं काय न्हाय. आमी सारी तेच खाऊन वाढलोय की. रानात खुरपायला जाताना आई अशीच बांधावर निजवायची.” कमरेची चंची काढून तिनं फरशीवर ठेवली. “पोरगं रडलं तर हिला सारकं भाईर बोलिवत्यात, मुकादम काम काडून घेतो. म्हून म्या दिली.”

“आत्या!” मुक्ता म्हणाली. तिच्या तोंडाचं पाणी पळालेलं. “न्हाय बाईसाब, आत्या मला वाचिवत्याती. मी दिली. हितं, बाराच्या टायमाला, पाजायच्या आदी.”

“गप ए! लबाड बोलू नगंस मज्यासाटी.”

“लबाड न्हाय वो आत्या.” तिनं गाठ सोडली. आत बिडीच्या कागदात गुंडाळलेला काळा कण. “तुमच्याच चंचीतली घेतली. तुमी रागं भराल म्हून सांगितलं न्हाय.”

सोजरबाई त्या कणाकडं बघत राहिली. “मंग म्या म्हनतीया चंचीतली कमी कशी व्हती. मला वाटलं, म्या म्हातारी झाली, घेतल्याली इसरती.”

मी दख्खनीत जमेल तसं डॉक्टरीणबाईंना समजावत होते, पण त्यांना माझ्या आधीच समजलं. “दोनों,” त्या म्हणाल्या. “एक सुबे को, एक दोपहर को. और दोनों को मालूम नै.”

जवळजवळ दोन आठवडे. सकाळी सासूनं सुनेची नोकरी टिकावी म्हणून, दुपारी सुनेनं सासूच्या तोंडची भाकरी जाऊ नये म्हणून. दोघींनी एकमेकींपासून लपवून, दोघींनी मायेनं. आणि तिसरी मी, जिला चार दिवस वाटत होतं की आपल्या हाताला गुण आहे.

“आज सुबे दिए?” डॉक्टरीणबाईंनी म्हातारीला विचारलं. म्हातारीनं मान डोलावली. “अब दोपहर की देते तो ये उठताच नहीं.” आणि पोराला उचलून चालूच लागल्या. “गाडी में बैठो. सब. इसको सोने देना नक्को.”

त्यांच्या फियाटमध्ये मी, मुक्ता, सोजरबाई. मागं एकोणतीस पोरांत धोंडप्पांना एकटं सोडून मी निघाले, आणि त्यांनी हूं का चूं केलं नाही. नंतर मी ऐकलं की बाराच्या सुट्टीतल्या बायांना त्यांनी सांगितलं, “कुणीतरी थांबा गं माझ्यापाशी, मला ह्यातलं काय येत न्हाय.”

गाडीत डॉक्टरीणबाई पुढून सांगत होत्या, तळपायाला टिचक्या मारा, कान ओढा, बोला त्याच्याशी. सुई वगैरे सगळं दवाखान्यात गेल्यावर. आधी एवढं आमच्या हातात होतं. मी तळपायावरचं काजळ पुसून टिचक्या मारत होते. मुक्ताच्यानं हात उचलवत नव्हता, ती नुसती त्याच्या तोंडाकडं बघत होती. आणि सोजरबाई, जिनं जन्मभर पोरं निजवली, ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होती, “ए हणम्या! ऊठ की रं! किती निजतूस, ए मुडद्या, ऊठ!” मग स्वतःच्याच शब्दानं दचकली आणि तोंडावर मारून घेतलं. “न्हाय न्हाय, लेकरा. माज्या राजा. ऊठ.”

दवाखान्यात आम्हाला बाकावर बसवलं आणि पोरगं आत नेलं. किती वेळ गेला ते सांगत नाही, कारण मला माहीत नाही. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं. मी इंग्रजी वाचायची एवढी हावरी, पण त्या दुपारी मला त्या कॅलेंडरवरचं एक अक्षर लागलं नाही. सोजरबाई एकदाच बोलली.

“येसाबाई, तुमाला कळलं व्हतं?”

“नाही.”

“मंग?”

“नुसतं चैन नव्हतं.”

“मला बी न्हवतं,” मुक्ता हळू म्हणाली. “पर मी म्हनलं, नवं काम हाय, म्हून आसंल.”

आणि आतून आवाज आला. आधी कोरडा, खरवडल्यासारखा. मग मोठा. मग असा की रस्त्यावरचा टांगेवाला आत डोकावून गेला. मी नऊ वर्षं पोरांचं रडणं थांबवायचं काम केलं. रडणं एवढं गोड लागतं हे मला त्या दिवशी समजलं. आम्ही तिघी बाकावर बसून त्या रडण्याकडं कान लावून रडत होतो, आणि डॉक्टरीणबाई दारात येऊन म्हणाल्या, “अब सुनो. पंधरा दिन ऐसाच सुनना है.”

खोटं नव्हतं ते. अंगातली अफू निघेपर्यंत हणमंतानं पंधरा दिवस पाळणाघराचा पत्रा उचलून धरला. त्याच्यामुळं बाकीची एकोणतीस जागी. मुक्ताला दिवसातून पाच-पाच वेळा बाहेर यावं लागे. तिची नोकरी जायची ती याच पंधरवड्यात. ती गेली नाही, कारण वाइंडिंगच्या बायांनी आपसात ठरवलं: मुक्ता उठली की तिच्या डाव्या हाताची बाई तिचे निम्मे बॉबिन बघणार, उजव्या हाताची निम्मे. मुकादमानं विचारलं तर, पाणी प्यायला गेली. “लई तहान लागती वो हिला,” असं त्या तोंड पाडून सांगायच्या. मुकादमालाही पोरं होती. त्यानं ते मानलं, निदान मानल्यासारखं केलं. सोजरबाईला डॉक्टरीणबाईंच्या शब्दावर फाटकाच्या आत घेतलं. ती हणमंताला खांद्यावर टाकून भिंतीकडून भिंतीकडं फिरायची आणि मधून मधून माझ्याकडं बघून म्हणायची, “नरडं बगा की कसलं हाय!” बोटं मोडायची मात्र विसरत नव्हती.

त्या पंधरवड्यात डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांच्या पापण्या वर करून बघितल्या. आणखी काही पोरं निघाली. त्यांच्या आयांची नावं मी लिहीत नाही. त्यांना कुणी पोलिसांत दिलं नाही, कुणी वर सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंनी दार लावून सगळ्यांना एकदा मनापासून झापलं, तेलुगूत, म्हणजे तेलुगू घरच्या निम्म्यांना शब्दन् शब्द कळला आणि निम्म्यांना फक्त राग कळला. दोन्ही कामी आलं.

आणि रजिस्टर. पुढच्या गुरुवारी त्यांनी ते पान उघडून घेतलं. तीन लाल रेघा, तीन क्वाएट. त्यांनी स्वतःचं पेन काढलं, समासात बारीक अक्षरात दोन शब्द लिहिले आणि खाली सही केली. त्या गेल्यावर मी वाचायला गेले तर पहिला शब्द ई-चा, एंट्री, तो लागला. दुसरा सी-चा. तो माझ्याकडं नव्हता. शेवटी धोंडप्पांनाच विचारावं लागलं.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, परत उतरवला. “करेक्ट,” म्हणाले.

“म्हणजे?”

“म्हणजे बरोबर. तुमचं.” आणि थोडं थांबून, “माझं चुकलं, असं कुटं लिवलेलं न्हाय तिनं. चांगली बाई हाय.”

इन्स्पेक्टर आले तेव्हा धोंडप्पांनी स्वतःहून ते पान उघडून दाखवलं, आणि जे सांगितलं त्यात शब्दकोश त्यांचा होता आणि शिकवणी त्यांची. मी मध्ये बोलले नाही. फीवर, मोशन, क्वाएट तर त्यांनीच शिकवलं होतं, खोटं काय त्यात? आणि नंतर एका सकाळी ते पाळणाघराच्या दारात येऊन उगाच उभे राहिले. लेक अक्कलकोटला बाळंतपणाला अडलेली, निरोप नाही. कानावरचं पेन हातात घेऊन उघडझाप करत होते.

“येसूबाई, मला बी आज ते झालंय.”

“काय, अण्णा?”

“ते तुमचं. यू-वालं.”

“लिहू का रजिस्टरात?”

“लिवा,” ते म्हणाले. “खोडणार न्हाय मी.” दुपारी तार आली, नातू झाला. मग मात्र त्यांनी मला ते पान फाडायला सांगितलं, पण मी म्हटलं, सरकारी रजिस्टर आहे.

आता त्याला पाच वर्षं झाली. आज मी हे लिहायला बसले ते कुणाकुणाचं देणं मानायचं ते विसरून जायच्या आत. आधी डॉक्टर सुंदरम्मांचं. त्या परत हैदराबादला गेल्या, पण त्यांनी मला विचारलं होतं, “अनईझी बोले तो क्या?” आणि उत्तर पूर्ण ऐकून घेतलं होतं. एवढं शिकलेलं माणूस माझ्याकडून एका शब्दाचा अर्थ ऐकून घेतं, हे माझ्या आयुष्यात एकदाच झालं. रद्दीवाल्याचं मानते. ज्यानं त्या तीन अक्षरांत भजी बांधली त्याचंही, की तो यूपर्यंत पोचला नाही. धोंडप्पांच्या लाल शाईचं मानते. आणि त्या माशीचं.

हणमंत यंदा पहिलीत गेला. परवा सोजरबाई त्याला बखोटीला धरून माझ्या दारात घेऊन आली. त्याच्या पाठीवर दप्तर, गुडघा फुटलेला, तोंड चालू.

“येसाबाई, तुमीच सांगा की ह्याला काय तरी. मास्तरांनी बोलावलं व्हतं आज. म्हनत्यात, घडीभर गप बसत न्हाय. दुसऱ्या पोरांस्नी शिकू देत न्हाय. सारखा आपला बोलतुया, हुंदडतुया.” म्हातारी तक्रार सांगत होती आणि तिचं तोंड काही केल्या सरळ राहत नव्हतं. “म्या मास्तरला म्हनलं, व्हय वो, लई वंगाळ पोर हाय.”

“मग मास्तर काय म्हणाले?”

“म्हनले, म्हातारे, हसतीस काय?”

तेवढ्यात हणमंतानं माझा शब्दकोश फळीवरून खाली ओढला, आणि पहिलं पान कुठाय म्हणून मोठ्यानं विचारायला लागला. मी भज्यांचं सांगितलं. त्यानं परत विचारलं. मी परत सांगितलं.